सावीचे तीस श्वास

दिनांक १५ डिसेंबर, सोमवार. सकाळचे अकरा वीस.

हजर : सावी (वय दहा), तिची आई म्हणजे मी, तिचे पप्पा, माझ्या सासूबाई, आणि श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या पद्मजा मॅडम.

गैरहजर : छातीचे डॉक्टर. वॉर्डात राउंडला गेले होते.

"चौतीस," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी यंत्राकडे पुन्हा एकदा बघितलं.

मी वही उघडूनच बसले होते. पहिल्या दिवशीचा आकडा एकतीस. दोन आठवड्यांनी तेहेतीस. आज पाच आठवडे पूर्ण झाले आणि चौतीस. नाकाला चिमटा लावायचा, नळी तोंडात धरायची आणि जीव खाऊन श्वास आत ओढायचा. त्याला किती जोर होता ते यंत्र आकड्यात सांगतं, अशी ती तपासणी. एव्हाना चाळिशी ओलांडायला हवी होती.

"घरी रोज होतंय ना व्यायाम?" मॅडमनी विचारलं.

या प्रश्नाचा मला राग आला. मी पिशवीतून तक्ता काढून त्यांच्या टेबलावर ठेवला, आधीच्या आठवड्यांचे फोटो मोबाईलवर दाखवले. पस्तीस दिवस, दिवसातून दोनदा, दर वेळी तीस श्वास. सत्तर खुणा. सर्दीच्या दोन दिवसांत मॅडमनीच थांबा म्हटलं असतं तर थांबलो असतो. त्यांनी म्हटलं नाही, आम्ही थांबलो नाही. एकही खाडा नाही.

"मग कुठंतरी काहीतरी चुकतंय," त्या म्हणाल्या.

काय चुकत होतं ते पुढच्या दहा मिनिटांत कळलं. पण आधी मागचं सांगते. दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसणाऱ्या आया पहिल्यांदा तेच विचारतात, की पोरीला झालं काय होतं.

चार चाळीस

आम्ही सोलापूर शहरातल्या 'जुळे सोलापूर' या भागात राहतो. पाच मजली इमारत, आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. मी एसटीत वाहतूक नियंत्रक आहे. स्टँडवरच्या खिडकीत बसायचं, गाड्यांच्या येण्याजाण्याची नोंद ठेवायची, कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागलीय ते लाऊडस्पीकरवर सांगायचं. सावीचे पप्पा बार्शीच्या एका शाळेत गणित शिकवतात, रोज जाऊन-येऊन करतात. सावी सव्वाचारला शाळेतून घरी यायची, मी साडेपाचला. मधला सव्वा तास ती एकटी. त्या सव्वा तासाचंसुद्धा वेळापत्रक मी फ्रिजवर चिकटवलं होतं. हातपाय धुणे, दूध, गृहपाठ, गॅसला हात न लावणे.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खाली पार्किंगमध्ये चार्जिंगला लावलेली एक स्कूटर पेटली. शेजारच्या आणखी दोन गाड्या पेटल्या. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी मला फोन केला. मी घड्याळ बघितलं, चार चाळीस. घरच्या मोबाईलवर सावीला फोन लावला.

"सावी, खाली आग लागलीय. आत्ताच्या आत्ता खाली उतर."

"मम्मी, जिन्यात धूर आहे. काळा."

"सांगते तेवढं कर. लिफ्टमध्ये जायचं नाही. जिन्यानं उतर."

लाऊडस्पीकरवर बोलते त्याच आवाजात सांगितलं. त्या आवाजावर माणसं पिशव्या उचलून धावतात. सावी उतरली.

आग जिन्यापर्यंत आलीच नाही. आमच्या दाराचा रंगसुद्धा उडाला नाही. वरच्या मजल्यांवरचे लोक दारं लावून, खालच्या फटीत ओले टॉवेल कोंबून गॅलरीत उभे राहिले आणि अर्ध्या तासानं धडधाकट खाली आले. सावी पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या वळणावर सापडली.

ज्यांना या लिखाणातून उपयोगाचं तेवढंच हवंय त्यांनी इथं थांबून हे वाचा. जिन्यात धूर असेल तर मुलाला जिन्यात पाठवू नका. दार लावून घ्यायला सांगा, फट ओल्या कपड्यानं बुजवायला सांगा, गॅलरीत उभं राहायला सांगा, आणि मूल कुठल्या मजल्यावर आहे ते अग्निशमनला कळवा. हे मला अग्निशमनच्याच एका माणसानं दवाखान्याच्या दारात सांगितलं. मी त्याला विचारलं नव्हतं.

अंगावर एक डाग नाही

सावीच्या अंगावर भाजल्याची एकही खूण नव्हती. त्यामुळे पहिला अर्धा तास मला वाटत होतं, वाचलो. मग डॉक्टरांनी तिच्या नाकपुड्यांतली काजळी दाखवली. आवाज घोगरा झालाय, घसा आतून सुजतोय, तो बंद व्हायच्या आत श्वासनळीत नळी घालावी लागेल, सही करा. मी सही केली. तारीख आणि वेळसुद्धा घातली. सवय.

अकरा दिवस ती यंत्राच्या श्वासावर होती. भेटायची वेळ सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच, दहा-दहा मिनिटं, एका वेळी एकच माणूस. बाहेर बसलेल्यांना वाटायचं आत काहीतरी ठरत असणार. आत काही ठरत नव्हतं. यंत्र हवा ढकलत होतं आणि पोरीची छाती वर येत होती.

त्या अकरा दिवसांतली एक गोष्ट लिहून ठेवते. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या एक मावशी होत्या. पडून पडून सावीच्या केसांचा पार गुंता झाला होता. कुणी सांगितलं नसताना मावशींनी तेल लावून तो सोडवला आणि दोन वेण्या घातल्या, शाळेत घालतात तशा, वर दुमडून. मी आत गेले तर त्या तिच्या कानाशी म्हणत होत्या, "उठा की बाई आता. दप्तर भरायचंय." मी बाहेर येऊन रडले. तेवढंच एकदा.

घरी आलो तेव्हा सावी एक वाक्य दोन तुकड्यांत बोलायची. "मम्मी," मग श्वास, मग "पाणी दे." पलंगापासून संडासापर्यंत जाऊन आली की भिंतीला टेकायची. ती शाळेच्या खो-खोच्या संघात होती, तीन-तीन मिनिटं कुणाच्या हाती लागायची नाही. डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसं सावरतायत. पण इतके दिवस श्वास यंत्रानं घेतला, त्यामुळे श्वास ओढणारे स्नायू ढिले पडलेत. प्लॅस्टर काढल्यावर हाताला व्यायाम देतो ना, तसा यांना द्यायचा." आणि त्यांनी आम्हाला पद्मजा मॅडमकडे पाठवलं.

धुरावर धूर

पुढचे दिवस मी सतत चिडलेली होते. कशावर, ते सांगते.

यंत्रावर. हातात मावेल एवढी प्लॅस्टिकची नळी, आत स्प्रिंग. पुरेशा जोरानं श्वास ओढला तरच झडप उघडते, नाहीतर हवा येतच नाही. बाहेरची कडी फिरवली की स्प्रिंग घट्ट होते, बाजूच्या काट्यावर आकडा वाढतो. सोलापुरात चार मेडिकलांत विचारलं. एकानं आत्मविश्वासानं तीन गोळ्यांचं यंत्र हातात ठेवलं, श्वास ओढला की गोळ्या वर जातात ते. ते वेगळं, त्याचं काम वेगळं. परत केलं. शेवटी पुण्याहून मागवलं, त्यात नऊ दिवस गेले.

भेटायला येणाऱ्यांवर. शहाळं आणायचे आणि सल्लाही आणायचे. वाफ द्या, हळद द्या, हवापालट करा. एकजण सावीच्या समोरच म्हणाले, "बघा, अंगावर एक डाग नाही. नशीबवान पोरगी." सावीनं मान हलवली, कारण बोलायला तिला श्वास पुरत नव्हता.

सोसायटीच्या सेक्रेटरींवर. चार्जिंगची जागा जिन्यापासून हलवा म्हणून मी तीन अर्ज दिले. ते म्हणाले, "मॅडम, पुढच्या मीटिंगला घेऊ." जिन्याच्या भिंतींना मात्र आठ दिवसांत नवा रंग दिला.

सासूबाईंवरसुद्धा. त्या करकंबहून नातीसाठी आल्या आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "वव्याची धुरी दिऊ का गं? धुरानं झालंय, धुरानंच जाईल."

"आई, धूर हा शब्द या घरात काढायचा नाही."

"बरं बाई. न्हाय काडत," त्या म्हणाल्या. आणि लगेच सावीला, "तुजी आई स्टँडवर मानसं हाकती, घरी मला हाकती."

सावी हसली आणि खोकली. हसलं की खोकला यायचा. म्हणून मी हसवणंही बंद करायला सांगितलं होतं, हे आता लिहिताना लाज वाटते.

तक्ता

पहिल्या दिवशी मॅडमनी सगळं दाखवलं आणि मी घरी येऊन तक्ता केला. स्टँडशेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून टाइप करून घेतला, लॅमिनेट केला, पुसता येणाऱ्या पेनानं खुणा करायच्या. आठवडा संपला की फोटो काढून ठेवायचा, पुसायचा, नवा आठवडा. रकाने असे : वार. सकाळ तीस श्वास. संध्याकाळ तीस श्वास. खोकला आला का. नळी धुतली का. आणि वर, ठळक अक्षरांत, काटा ९.

मी सकाळी साडेसहाला घर सोडते, त्यामुळे सकाळचे तीस सासूबाई घ्यायच्या. त्यांना आकडे वाचता येत नाहीत असं नाही, पण त्या शेंगदाण्यांवर मोजायच्या. परातीत तीस दाणे, एका श्वासाला एक दाणा डब्यात. संध्याकाळचे मी. सावी चिमटा लावून, ताठ बसून, न कुरकुरता तीस श्वास घ्यायची. दहाव्या श्वासाला थांबत नव्हती की विसाव्या श्वासाला रडत नव्हती. शेजारणी म्हणायच्या, किती शहाणी लेक. मीही म्हणायचे.

तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

काटा कितीवर

तर त्या सोमवारी मॅडमनी तक्ता खाली ठेवला आणि आमचं यंत्र हातात घेतलं.

"काटा नऊवर आहे. हे आज केलंय का?"

"नाही. नऊवरच असतो."

"पाचही आठवडे?"

"तुम्ही नऊ सांगितलं होतं."

"मी नऊपासून सुरू करा म्हटलं होतं, ताई. सोपं वाटायला लागलं की अर्धा फेरा घट्ट करायचा, असं म्हटलं होतं."

मी म्हणाले, असं झालंच नाही. आणि वही मागे उलटली, त्यांना दाखवायला. पहिल्या भेटीच्या पानावर, माझ्या अक्षरात, लिहिलेलं होतं : काटा नऊ. सोपं वाटल्यास वाढवणे.

वहीत होतं, तक्त्यात नव्हतं. कारण "सोपं वाटल्यास" याचा रकाना कसा करायचा ते मला त्या दिवशी सुचलं नव्हतं. आणि लॅमिनेट करून भिंतीला लावलेलं वेळापत्रक ते वेळापत्रक. आमच्या खात्यात वरून आदेश आल्याशिवाय गाडीची वेळ पाच मिनिटंसुद्धा हलत नाही. मी मॅडमच्या आदेशाची वाट बघत होते. मॅडमना वाटत होतं आम्ही घरी वाढवतोय.

"चूक माझीही आहे," मॅडम म्हणाल्या. "मधल्या भेटीत मी तुमचा तक्ता बघितला आणि खूश झाले. यंत्र बघायला हवं होतं." मग त्या सावीकडे वळल्या. "सावी, तुला हे सोपं जात होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दुसऱ्या आठवड्यापासून."

"अगं मग मम्मीला सांगायचं की!"

सावीनं टेबलावरच्या तक्त्याकडे बघितलं. "त्यात ते नव्हतं," ती म्हणाली. "मम्मी म्हणते ना, सांगते तेवढं करायचं."

मॅडम हसल्या. सासूबाईही हसल्या. सावीचे पप्पा हसले नाहीत. ते खिडकीबाहेर बघत राहिले. चार चाळीसच्या फोनवर मी काय बोलले होते ते त्यांना माहीत आहे. मीच सांगितलं होतं, दवाखान्यात, पहिल्या दिवशी. त्यांनी आजवर एका शब्दानं मला बोल लावलेला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं मला कधीकधी वाटतं.

मॅडमनी यंत्र सावीच्या हातात दिलं. "आता कडी तू फिरवायची. जड वाटलं पाहिजे, पण खोकला येता कामा नये. किती ते तू ठरवणार. मम्मी नाही."

सावीनं माझ्याकडे बघितलं. परवानगीसाठी. मी मान हलवली, आणि ती हलवावी लागली याची मला इतकी चीड आली की बाहेर येऊन मी रिक्षावाल्याशी उगाच भांडले.

लई जड

तो तक्ता मी फाडणार होते. लॅमिनेट केलेला कागद हातानं फाटत नाही. सासूबाईंनी तो चहाच्या पातेल्यावर झाकण म्हणून घेतला.

नवा तक्ता सावीनं जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं आखला. रेघा तिरक्या. शेवटचा रकाना "कसं वाटलं". त्यात पहिल्या दिवशी लिहिलं, बरं. कडी फिरवल्यावर लिहिलं, लई जड. हा शब्द आजीचा. पाचव्या दिवशी तिनं विसाव्या श्वासाला नळी काढून ठेवली आणि म्हणाली, "आज नाही होत." माझ्या तोंडावर आलेलं वाक्य मी गिळलं. सासूबाईंनी दहा शेंगदाणे तिच्या तळहातावर ठेवले. "ऱ्हायलं तर ऱ्हायलं. खा."

पाच आठवड्यांत न झालेलं पुढच्या सहा आठवड्यांत झालं. एकोणचाळीस, पंचेचाळीस, एक्कावन्न. आवाज मोकळा झाला. शेंगाचटणी घशात उडून ठसका लागतो म्हणून बंद केली होती, ती तिनं आजीशी संगनमत करून भाकरीवर घेतली आणि ठसका लागला नाही. मला दोन दिवसांनी कळलं. पूर्ण वाक्य एका श्वासात बोलायला लागली, आणि त्या वाक्यांतली बरीचशी मला उलट उत्तरं असतात. सासूबाई म्हणतात, "बरी झाली पोरगी."

पण ते पाच आठवडे परत मिळणार नाहीत. ती डिसेंबरातच शाळेत गेली असती. खो-खोचा संघ तिच्याशिवाय निवडला गेला. व्यायाम चुकवणाऱ्या आयांना मॅडम रागावतात. मी एकही चुकवला नाही, आणि तरीही. बाकावरच्या आयांना मी आता एवढंच सांगते : खुणा मोजू नका. मुलाला विचारा, सोपं जातंय का. आणि ते उत्तर देईपर्यंत गप्प बसा.

जिना

जानेवारीच्या शेवटी मॅडमनी तिला दवाखान्याचे तीन मजले जिन्यानं चढायला लावले. ती न थांबता चढली. पप्पा दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभे राहिले, तिनं वरून विचारलं, "पप्पा, यंत्र देऊ का तुम्हाला?"

त्याच संध्याकाळी घरी आल्यावर ती नेहमीप्रमाणे लिफ्टकडे वळली. मी म्हणाले, "आज जिन्यानं जाऊ."

ती पहिल्या पायरीपाशी उभी राहिली. भिंतीचा नवा रंग फिकट पिवळा आहे. वळणापर्यंतच्या अकरा पायऱ्या खालून दिसतात. तिचा श्वास अगदी नीट चालू होता, मी मोजला. दवाखान्यात जी चढली तीच पोरगी, तीच फुप्फुसं.

"जायचं?" मी विचारलं.

"तू म्हणत असशील तर जाते."

तिनं पाय उचललासुद्धा. मी तिचा दंड धरला आणि लिफ्टचं बटण दाबलं.

वर आल्यावर मी सासूबाईंना स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. जिन्याचं, आणि पहिल्यांदाच, फोनचंही. त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही.

"त्ये पोरीला म्हाईत हाय. तिच्याच कानात बोलली व्हतीस की तू."

"पण माझं चुकलं हे मी तिला सांगितलेलं नाही."

"मग सांग."

"वहीत लिहून ठेवलंय."

"लिवून ठिवलंस म्हंजी सांगितलंस न्हवं, सुजाता," त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

आज रविवार. दर रविवारी मी आठवड्याची राहिलेली कामं वहीच्या नव्या पानावर उतरवते. यंत्राची नळी बदलणे, झालं. शाळेत वर्ग तळमजल्यावर घेण्याबद्दल अर्ज, दिला. सेक्रेटरींना चौथा अर्ज, दिला. पद्मजा मॅडमची पुढची तारीख, घेतली.

एक काम सप्टेंबरच्या शेवटच्या पानापासून दर आठवड्याला पुढच्या पानावर येतंय. अक्षर दर वेळी तेच, मजकूर तोच : सावीला सांगणे, तू धूर आहे म्हणालीस ते बरोबर होतं, माझं ऐकायला नको होतंस.

शेजारच्या खोलीत तिचे संध्याकाळचे श्वास चालू आहेत. झडप उघडल्याचा बारीक आवाज येतो, मग दाणा डब्यात पडल्याचा. बावीस झाले. आठ राहिलेत.

मी ते वाक्य नव्या पानावर उतरवलंय. त्यापुढची खुणेची चौकट रिकामी आहे.